खाडीच्या तोंडचं पाणी

तांडेलबाई कुठल्याही खोलीत शिरल्या की आधी खिडकी उघडायच्या आणि मग बोलायला लागायच्या. वर्ग असो, स्टाफरूम असो, नाहीतर प्राचार्यांची केबिन. सोलापुरात उन्हाळ्यात सकाळी दहापासून खिडक्या घट्ट लावून घेण्याची पद्धत. त्यामुळे बाई येताना दिसल्या की काही जण आधीच वैतागून बसायचे. एकदा इंग्रजीच्या एका प्राध्यापकांनी त्यांना विचारलं, की बंद खोलीत तुमचा जीव घुसमटतो का.

"नाही," बाई म्हणाल्या. "घुसमटतो तेव्हा उशीर झालेला असतो."

सगळे हसले. बाई हसल्या नाहीत. त्या विनोद करत नव्हत्या, हे मला पुढे कळलं.

मी तेव्हा रसायनशास्त्र विभागात नुकतीच लागले होते. माझं माहेर इथलंच, घरात निम्मं कानडी, निम्मं मराठी. समुद्र मी एकदाच, शाळेच्या सहलीत पाहिलेला. आणि बाई मालवणच्या खालच्या अंगाला एका खाडीच्या तोंडाशी वसलेल्या गावच्या. वडील, भाऊ मासे मारणारे. गावातली पहिली पदवीधर मुलगी. किनाऱ्यावरच्या एका लहानशा प्रयोगशाळेत त्या समुद्राचं पाणी तपासायचं काम करत होत्या. ती जागा तात्पुरती होती, एक दिवस बंद झाली, आणि अर्ज करता करता बाई सोलापूरला आमच्या कॉलेजात येऊन पोचल्या. लग्न केलेलं नव्हतं. बरोबर एक ट्रंक, लाल कापडी बांधणीच्या दोन वह्या आणि रिकाम्या बाटल्यांचं एक लाकडी खोकं. समुद्र सोडून समुद्राचा अभ्यास कसा करणार, असं कोणीतरी म्हणालं, त्यावर त्यांनी हवा तर एकच आहे ना, एवढंच उत्तर दिलं होतं.

ते खोकं दर महिन्याला भरून यायचं. अमावास्या झाली की त्यांचा धाकटा भाऊ यशवंत होडी घेऊन खाडीबाहेरच्या खडकापलीकडे जायचा, ठरलेल्या जागी बाटल्या भरायचा आणि खोकं एसटीत चढवायचा. मालवणहून कोल्हापूर, कोल्हापूरहून सोलापूर. बहिणीसाठी म्हणून त्याच खोक्यात तो सुके बांगडे कोंबायचा. त्यामुळे खोकं स्टँडवर उतरायच्या आधी त्याचा वास उतरायचा. बाई मासे खाताना माझ्याकडे पाठ करून खिडकीशी बसायच्या. मी शाकाहारी. कधी तक्रार केली नव्हती. पण त्यांनी आपणहून ठरवून टाकलं होतं, की महानंदाला, म्हणजे मला, त्रास होता कामा नये.

बाटली भरायची पद्धत त्यांनी भावाला घोकवून घेऊन शिकवली होती. बाटली पाण्याखाली धरूनच भरायची, बूचही पाण्याखालीच बसवायचं. हवेचा एक बुडबुडा आत राहिला तर ते पाणी फुकट. आणि बूच लावण्याआधी पाऱ्याच्या एका जहरी क्षाराच्या द्रावणाचा एक थेंब. ती कुपी यशवंत तांबड्या फडक्यात गुंडाळून घराच्या आढ्याला टांगून ठेवायचा, पोरांचे हात पोचू नयेत म्हणून.

विष कशाला, असं मी पहिल्यांदा विचारलं तेव्हा बाई थेंब मोजायची काचनळी, ब्युरेट, धूत होत्या.

"या पाण्यात जीव आहेत," त्या म्हणाल्या. "डोळ्यांना दिसत नाहीत, पण बाटलीत कोंडले तरी श्वास घेत राहतात. इथं पोचेपर्यंत पाणी बदलून टाकतात. म्हणून आधी त्यांना मारायचं आणि मग पाण्याला विचारायचं."

बोलताना त्यांचा आवाज जराही बदलला नव्हता.

रविवारी सकाळी कॉलेज रिकामं असायचं. बाई लॅबची किल्ली घेऊन यायच्या आणि एकेक बाटली उघडायच्या. मीही जाऊन बसायची. आम्लाचा थेंब पडतो, त्या मोजतात, वहीत आकडा लिहितात. 'अंदाजे' हा शब्द त्यांना चालायचा नाही. कोणी म्हटलं की अंदाजे अमुक, तर त्या म्हणायच्या, अंदाज असेल तर लिहू नका, लिहायचं असेल तर पुन्हा मोजा. त्यांची बोटं आम्लानं खरबरीत झालेली आणि नखांच्या कडा कायम पिवळट.

त्या काय मोजत होत्या हे त्यांनीच मला हळूहळू समजावलं. हवेतला कर्बवायू आणि समुद्र यांची रात्रंदिवस देवघेव चालू असते. आपण चुलीत जाळतो, गिरण्यांच्या चिमण्यांतून सोडतो, त्या धुरातला कितीतरी भाग समुद्र पोटात घेतो. पुस्तकांत तसंच होतं आणि बाईंनाही तसंच वाटत होतं. पण यशवंतच्या बाटल्या वेगळं सांगत होत्या. एरवी ते पाणी वायू घ्यायचं. पावसाळा सरता सरता मात्र काठाजवळचं पाणी उलटायचं. त्यात इतका वायू कोंडलेला असायचा की ते घेण्याऐवजी हवेत सोडू लागायचं. खाडीतून वाहून आलेली कुजकट घाण त्याला कारण होतीच. पण बाईंना जास्त संशय होता खालून वर येणाऱ्या गार पाण्याचा. त्या दिवसांत समुद्राच्या तळचं पाणी किनाऱ्याला वर येतं. त्या पाण्यात तळाशी कुजलेल्या सगळ्याचा वायू असतो आणि प्राणवायू जवळजवळ नसतो.

"मग पुढे?" मी विचारायची.

"पुढे अजून चार वर्षं बघू," त्या म्हणायच्या आणि वही मिटायच्या.

मग तो मोठा दुष्काळ आला. आमच्या कॉलेजनं करमाळा तालुक्यातल्या एका गावात आठ दिवसांचं श्रमदानाचं शिबिर घेतलं. जेऊर स्टेशनावर उतरून आम्ही ट्रॅक्टरनं त्या गावी गेलो. मुलींची जबाबदारी बाईंवर आणि माझ्यावर होती. गावाबाहेर माळावर एक जुनी विहीर होती, वर्षानुवर्षं न वापरलेली. तोंडावर बाभळीचे फेस, म्हणजे काटेरी फांद्या, टाकलेले, आत पाला, कडबा आणि काय काय कुजलेलं. गाळ काढला तर झरा लागेल अशी गावाला आशा होती. तिसऱ्या दिवशी सकाळी मुकादमानं फेस बाजूला केले.

बाईंनी कंदील मागवला. तो पेटवून, दोराला बांधून त्यांनी विहिरीत सोडला. निम्म्याच्या जरा खाली गेला आणि विझला. वर घेतला, पुन्हा पेटवला, पुन्हा सोडला. नेमक्या त्याच जागी विझला. बाईंनी दोराला तिथं गाठ मारली आणि मुकादमाला सांगितलं, की या गाठीच्या खाली कोणी उतरायचं नाही. वरून बादल्यांनी पाणी ओता, झाडाची मोठी फांदी दोराला बांधून दिवसभर वर-खाली करा, आतली हवा हलू द्या. उद्या पुन्हा कंदील सोडू, जळत राहिला तर उतरा.

मुकादम भला माणूस होता, पण त्याच्यामागे गाव होतं आणि टँकर दोन दिवस आला नव्हता. "अवो बाई, वाऱ्यानं इझला आसंल," तो म्हणाला. "वतायला पानी आसतं तर ही हीर कशापायी उकरली आसती आमी?"

बाईंनी तलाठ्याकडून काम थांबवल्याची चिठ्ठी आणायची ठरवली. लेखी असलं की ऐकतील. तलाठी गावातच, शाळेत बसला होता. आम्ही दोघी निघालो. जाऊन, त्याला समजावून, चिठ्ठी घेऊन यायला अर्धा-पाऊण तास लागला असेल. परत येताना माळावरूनच ओरडा ऐकू आला.

बाई पळत सुटल्या. मी त्यांना कधी पळताना पाहिलं नव्हतं.

दगडू नावाचा गडी पायऱ्यांवरून खाली उतरला होता. वरून तो दिसत होता. आधी तो बसला म्हणे, मग झोप आल्यासारखा भिंतीला टेकला आणि आडवा झाला. त्याचा धाकटा भाऊ भिवा त्याला आणायला निघाला होता, एक पाय पायरीवर होता. बाईंनी मागून त्याच्या कमरेला मिठी मारली आणि स्वतःला मागे झोकून दिलं. दोघं मातीच्या ढिगावर पडले. तो चांगला दांडगा होता. बाईंनी मला हाक मारली, मी त्याचे पाय धरले, मग आमची चार मुलं धावली. भिवा रडत होता, शिव्या देत होता, बाईंच्या मनगटाला त्यानं कडकडून चावा घेतला. बाईंनी हात सोडला नाही. रक्त आलं तरी सोडला नाही.

दगडूला गळ टाकून वर काढलं तेव्हा तो गेलेला होता. अंगावर जखम नाही, ओरखडा नाही. भिवा त्याच्याजवळ बसून होता. बऱ्याच वेळानं त्यानं बाईंकडे पाहिलं.

"तुमी मला धरलं," तो म्हणाला. "न्हायतर म्या आनला आसता वर."

बाईंच्या दुसऱ्या हातात तलाठ्याची चिठ्ठी अजून तशीच होती, चुरगळलेली. शिबिर दुसऱ्या दिवशी गुंडाळलं. ट्रॅक्टर गावातून निघाला तेव्हा दारादारांत माणसं उभी होती.

त्यानंतर कितीतरी महिने बाईंनी त्या दिवसाचा विषय काढला नाही. मनगटावर दातांचा अर्धगोल वण राहिला. तास घेत होत्या, बाटल्या उघडत होत्या. पण मध्येच ब्युरेटचा चाप बंद करून थांबायच्या आणि मोजलेले थेंब विसरायच्या. पूर्वी असं कधी होत नसे.

पुढल्या वर्षी पाऊस झाला. पेरण्या उरकल्यावर एका दुपारी शिपाई सांगत आला, की कोणी खेड्यातला माणूस तांडेलबाईंना विचारतोय. दारात भिवा उभा होता. डोक्याला धुतलेला पटका, चपला हातात. बाईंनी त्याला स्टुलावर बसवलं, पाणी दिलं. तो पाणी प्यायला आणि म्हणाला, की हिरीत जे हुतं ते मला दावा.

बाईंनी काचेच्या उंच भांड्यात संगमरवराचे तुकडे टाकले, आम्ल ओतलं, फसफस झाली. त्यातून निघणारा वायू नळीनं दुसऱ्या मोकळ्या भांड्यात घेतला. ते भांडं रिकामंच दिसत होतं. मेणबत्ती लावून टेबलावर ठेवली आणि ते रिकामं दिसणारं भांडं, पाणी ओतावं तसं, त्यांनी तिच्यावर कलतं केलं. मेणबत्ती विझली.

भिवा वाकून बघत राहिला. "काय बी दिसत न्हाय की."

"नाही दिसत."

"वास?"

"वासही नाही."

त्यानं पुन्हा करायला सांगितलं. बाईंनी पुन्हा केलं. त्यानं तिसऱ्यांदा सांगितलं, बाईंनी तिसऱ्यांदा केलं. शेवटी त्यानं विचारलं, की दादा भ्याला असंल का. बाई म्हणाल्या, की पाय जड झाले असतील, डोकं गरगरलं असेल, मग झोप. भ्यायला वेळ मिळाला नसेल.

"म्हंजी तुमी मला धरलं ते बरोबर हुतं."

"ते बरोबर होतं," बाई म्हणाल्या. "पण दगडू उतरला तेव्हा मी तिथं नव्हते. ते चुकलं."

भिवानं त्यांच्या मनगटाकडे पाहिलं. चपला उचलल्या आणि गेला. तो गेल्यावर बाई खिडकीशी उभ्या राहिल्या. थोड्या वेळानं माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "विहिरीला तळ होता, महानंदा. कंदील सोडून बघता आलं. किनाऱ्यावर काय सोडून बघायचं?"

मला त्या क्षणी पहिल्यांदा कळलं, की इतकी वर्षं रविवारी सकाळी या बाईंच्या मनात काय चाललेलं असायचं. विहिरीत कोंडलेला तोच वायू त्यांच्या गावापुढच्या पाण्यातही कोंडत होता.

पुढची दोन वर्षं त्यांनी कामाचा धडाका लावला. महिन्याला एक खोकं यायचं तिथं भाद्रपद-आश्विनात चार-चार येऊ लागली. स्टँडवरचा हमाल मला ओळखायला लागला. पावसाळ्यानंतरचे आकडे दरवर्षी आदल्या वर्षाहून थोडे वाईट दिसत होते. थोडेच. बाई म्हणायच्या, माझ्या हाताची चूक असेल. पुन्हा मोजायच्या. आकडा तोच यायचा. त्यांनी एक लेख लिहिला, मी तो टाइप केला आणि तो एका शास्त्रीय नियतकालिकाला पाठवला.

सहा महिन्यांनी तो परत आला. सोबत पत्र होतं. पाणी इतक्या लांबून, उन्हातून, एसटीतून येतं. वाटेत त्यात काय बदल होतो हे सांगता येत नाही. सबब या मोजणीवर विसंबून काही म्हणता येणार नाही. मला फार राग आला. बाईंनी पत्र मला वाचून दाखवलं, घडी घातली आणि म्हणाल्या, बरोबर लिहिलंय.

त्याच आठवड्यात त्यांनी राजीनामा दिला. कायम नोकरी होती, निवृत्तीला अजून पुष्कळ वर्षं होती. प्राचार्यांनी दोनदा बोलावून समजावलं. मीही भांडले. म्हटलं, बाई, समजा तुम्ही तिथं किनाऱ्यावर बसून मोजलंत, समजा सगळं खरं निघालं, तरी ऐकणार कोण? मुकादमानं तरी कुठं ऐकलं होतं?

"म्हणून तर मी तलाठ्याकडे गेले," त्या म्हणाल्या. "आता कुठं जायचं नाही. तिथंच उभं राहायचं."

जाताना त्यांनी मला त्यांची शेगडी दिली आणि लॅबमधल्या कपाटाची किल्ली. एसटी स्टँडवर निरोप द्यायला आम्ही तिघंचौघंच होतो. त्या बसल्या त्या बाजूच्या खिडकीची काच अडकली होती, ती उघडण्यात गाडी सुटेपर्यंतचा वेळ गेला. नीट बोलणं झालंच नाही.

पत्रं यायची, पण त्यांत पाण्याखेरीज फारसं काही नसायचं. नंतर तीही कमी झाली. दोनेक वर्षांनी, आश्विन महिन्यात, यजमानांच्या कामानिमित्त आम्ही कुडाळला गेलो होतो. एक दिवस मोकळा मिळाला, तो मी बाईंच्या गावासाठी घेतला. एसटीतून उतरले तेव्हा सकाळचे नऊ वाजले होते. वारा अजिबात नव्हता. एक झावळी हलत नव्हती. यशवंतच्या बायकोनं मला ओळखलं नाही, पण सोलापूर म्हटल्यावर तिनं पाट मांडला. ताय, म्हणजे बाई, होडीत गेली आहे, म्हणाली. रोज जाते. गावातली माणसं हसतात, पण यशवंत नेऊन सोडतो.

मी तिच्याबरोबर किनाऱ्यावर गेले. समुद्र हिरवट होता आणि तेलासारखा निवांत. वाळूवर गर्दी जमली होती. बायका टोपल्या घेऊन आल्या होत्या, म्हाताऱ्यांच्या हातात परड्या होत्या. पाण्याच्या कडेला मासे येऊन पडले होते. मेलेले नव्हते, जिवंत. उथळ पाण्यात तोंड वर काढून हळूहळू हलत होते, हात घातला तरी पळत नव्हते. खेकडे पाण्यातून निघून खडकांवर चढून बसले होते, एकावर एक. माणसं हसत होती, एकमेकांना हाका मारत होती. सणाचा दिवस असावा तशी. हवेत किंचित कुजकट वास होता, नासलेल्या अंड्यासारखा.

"ताय म्हणता खाव नुको," यशवंतची बायको म्हणाली. "पण आयते मासे कोण सोडतलो?" आणि तीही पदर खोचून खाली गेली.

खडकापलीकडे एक होडी होती. यशवंत वल्ही सोडून बसलेला. बाई पाण्यावर ओणव्या होऊन काहीतरी करत होत्या. केस पांढरे झालेले लांबूनही कळत होते. मी हाक मारली, पण आवाज तिथवर पोचण्यासारखा नव्हता.

मग त्यांनी मान वर केली आणि किनाऱ्याकडे पाहिलं. डाव्या हाताला, जिथं खडकांच्या कोंडाळ्यात पाणी साचून उभं राहतं आणि वारा नसला की हवाही, तिथं सात-आठ पोरं शिरली होती, छातीइतक्या पाण्यात, मासे धरायला. बाई होडीत ताडकन उभ्या राहिल्या. होडी डुगडुगली, यशवंतनं त्यांना धरलं. त्यांनी दोन्ही हात डोक्यावर नेले आणि जोरजोरानं हलवायला लागल्या, बाहेर व्हा, बाहेर व्हा असं खुणावत.

पोरांनी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांतला एक हसला आणि त्यानंही हात हलवला. मग सगळ्यांनीच हलवले. वाळूवरच्या दोन बायकांनीही हसून हात केले.

मी चपला तिथंच टाकल्या, साडी गुडघ्यांपर्यंत वर खोचली आणि ओरडत खडकांकडे धावले. पाणी बर्फासारखं गार होतं. पोरं अनोळखी बाईला बघून बिचकली. एकेकाचा दंड धरून मी त्यांना वर काढलं. शेवटचं पोर पायांनी लटपटत होतं आणि हसत होतं, आपल्याला काय झालंय हे त्याला कळत नव्हतं. त्याला कोरड्या वाळूवर बसवलं आणि मी मागे वळून पाहिलं.

होडी होती तिथंच होती. बाई खाली बसल्या होत्या, पुढची बाटली भरायला पुन्हा पाण्यावर वाकल्या होत्या.